बैठा दम

विद्यानगरचं ते घर बघायला आम्ही गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला ना स्वयंपाकघर दाखवलं, ना पाण्याची टाकी. वरच्या मजल्याचं कुलूप काढलं, शर्टाच्या खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि दाराच्या चौकटीच्या कडेकडेने ती फिरवत राहिले. मला वाटलं, माणूस धार्मिक आहे, भाडेकरू येण्याआधी वास्तूची काहीतरी पूजा करतोय. मी चपला काढल्या आणि हात जोडून उभी राहिले. माझ्या नवऱ्याने तर डोळेही मिटले.

"हात कायकू जोडले?" ते म्हणाले. "धूर बघा. कुठं चाललाय ते बघा."

धूर खालच्या कोपऱ्याशी वाकडा होऊन आत वळत होता. त्यांनी दुसऱ्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कणकेचा गोळा काढला, चिमूटभर तोडला आणि त्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बसवला. उदबत्ती पुन्हा तिथे धरली. आता धूर सरळ वर गेला.

"बैठा दम," ते म्हणाले. मग जणू आत्ताच आम्ही दिसलो, अशा आवाजात, "हां, बोला. पुण्याचे का तुम्ही?"

आम्ही पुण्याचे. नवऱ्याची आणि माझी दोघांचीही नोकरी कॉम्प्युटरवरची, हैदराबादेत नवे. दम लागला म्हणजे धाप लागली, एवढंच आम्हाला ठाऊक. या गावात दम म्हणजे बिर्याणीचा दम. हंडीवर झाकण ठेवून कडेने कणीक लावायची, वाफ आतल्या आत कोंडायची. आमचे घरमालक पक्के शाकाहारी, बिर्याणीची हंडी त्यांनी लांबूनच पाहिलेली. पण शब्द मात्र उचलला होता. फट बुजली की "बैठा दम", नाही बुजली की "दम नै". आधी कणकेने बुजवून खात्री करायची, मग सुलतान बाजारातून आणलेल्या रबराच्या पट्ट्या आणि सिलिकॉन लावून पक्कं काम. कणीकच का, तर रंग खराब होत नाही आणि घरात कायम असते. मुंग्या होतात, ते वेगळं. आमच्याकडे मुंग्यांची रांग कुठे लागली हे बघून काका कालपरवा कुठे येऊन गेले ते मला कळायचं.

काका म्हणजे तेच. पहिल्याच महिन्यात ते काका आणि त्यांची बायको काकू झाली. मला मात्र ते शेवटपर्यंत "ओ पुणेकर" अशीच हाक मारत. त्यांचे आजोबा परभणीकडची शेती सोडून निजामाच्या काळात नोकरीला इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यामुळे काकांच्या मराठीत "हौ" आणि "नक्को" मिसळून गेलं होतं, आणि माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. "तुम्ही लोक बोलत नाही, वाचून दाखवता," असं म्हणायचे. मला राग यायचा. पण खरं होतं.

सगळी नोकरी त्यांनी मिरची-चिंचेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये केलेली. तिथे काम एकच, दाराचं रबर बघायचं. रबराला फट राहिली की बाहेरची दमट हवा आत, की माल गेला. निवृत्त झाल्यावर माणूस बागेत फिरायला जातो, नातवंडं खेळवतो. यांना मूलबाळ नव्हतं. हे घराघरांची दारं-खिडक्या तपासत फिरू लागले.

"घर बांधताना सगळे इंजिनेर असतात," ते म्हणायचे. "राहायला गेल्यावर त्याची नाडी कोण बघतं? माणसाची तपासणी करता ना चाळिशीनंतर? मग जुन्या घराची कायकू नाही?"

हे ऐकायला बरं वाटतं हो, पण त्यांना कुठे नेणं म्हणजे डोक्याला ताप होता. अंबरपेठला त्यांची थोरली बहीण राहायची, तिला सगळे अक्का म्हणत. अक्कांकडे सत्यनारायण होता, आम्हालाही बोलावणं होतं. गुरुजींची कथा रंगात आलेली, आणि काका उठले. देवापुढच्या उदबत्त्यांचा अख्खा जुडगा उचलला आणि खिडकीकडे गेले. चार बायकांना वाटलं आरती सुरू झाली. त्या टाळ्या वाजवत काकांच्या मागून निघाल्या. काका पुढे, बायका मागे, अशी वरात सगळ्या घरातून फिरून संडासच्या झरोक्यापाशी जाऊन थांबली.

"दम नै," काकांनी तिथे निकाल दिला.

अक्कांनी त्यांना सगळ्यांदेखत असं झापलं, की मीच मान खाली घातली. काकांवर शष्प परिणाम नाही. प्रसादाचा शिरा खाताना मला हळूच म्हणाले, "अक्काचं घर म्हणजे चाळण आहे. बोलायचं नाही." आमच्याकडे काम करणारी बाई तेलुगू बोलायची, ती त्यांना बघितलं की कपाळाशी बोट फिरवून "सारुकि पिच्चि" म्हणायची, म्हणजे साहेबांना वेड लागलंय. मी तिला दटावायचे, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मीही हसायचे.

हसायचे, कारण काकूंना मी तोवर फक्त ऐकलं होतं.

खालून खोकला ऐकू यायचा. कोरडा, लांबलेला, थांबला थांबला म्हणेस्तोवर पुन्हा. आणि तो सुरू झाला की काका घरात जिथे असतील तिथून ओरडायचे, "विझवली, विझवली!" हातातली उदबत्ती ते चिमटीत दाबून विझवायचे. पाण्यात बुडवायची नाही, फुंकर मारायची नाही, त्याने धूर जास्त होतो. नुसती चिमटीत दाबायची. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं आणि बोटाचं टोक कायमचं काळं पडलं होतं. जेवताना पांढऱ्या भातावर ती काळी बोटं उठून दिसायची.

मग एकदा कढी द्यायला म्हणून खाली गेले आणि काकू पाहिल्या. शिसवीच्या मोठ्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरतंय. बोलायला लागल्या की दोन-तीन शब्दांनंतर थांबायच्या, श्वास गोळा करायच्या, मग पुढचे दोन-तीन. तरी जीभ तिखट.

"ही कढी... की ताक तापवलंस... पुण्याचं?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी तिथेच त्यांच्या प्रेमात पडले.

त्यांचा आजार कबुतरांचा. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. काकू वर्षानुवर्षं रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी घालायच्या. काकांनीच त्यांना पत्र्याचा एक ट्रे करून दिला होता. कबुतरांची विष्ठा वाळते, तिची धूळ होते, ती श्वासाबरोबर आत जाते आणि काहीकाहींचं फुप्फुस त्याने आतून कडक होत जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडक झालेलं परत मऊ होत नाही. पण यापुढे एक कणही आत गेला नाही तर आहे ते टिकेल. कबुतर नको, धूळ नको, धूर नको. दवाखान्यातून आल्याआल्या काका गच्चीवर गेले आणि हातोडीने तो ट्रे चपटा केला. चपटा झाला तरी ठोकतच राहिले. हे मला काकूंनीच सांगितलं. "खालपर्यंत... ऐकू येत होतं... मी मोजत... बसले होते," म्हणाल्या.

तेव्हापासून काकांना एकच काम. काकूंचा उरलेला श्वास टिकवायचा. जवळच उड्डाणपुलाचं काम चाललेलं, रस्त्याची धूळ उंबऱ्यापर्यंत यायची. त्यांनी खालचं घर असं बंद केलं की बाहेरचा हॉर्नसुद्धा लांबचा वाटावा. काकूंच्या खोलीच्या खिडक्या सिलिकॉनने चौकटीला चिकटवून टाकल्या, उघडायची गोष्टच संपली. दाराला चारी बाजूंनी रबर. दारावरच्या झरोक्यात कापडाची गाळणी, चांगली हवा तिथून यावी म्हणून. खोलीला लागून न्हाणीघर होतं, तिथला पंखा दिवसरात्र बाहेर हवा फेकत राहायचा, म्हणजे आतली शिळी हवा निघून जाईल.

"हवेनं दारातून यावं, विचारून," ते म्हणायचे. "फटीतून येतो तो चोर."

आणि एवढं सगळं करूनही त्या खोलीत त्यांनी कधी उदबत्ती नेली नाही. मी विचारलं होतं त्यांना.

"नक्को," ते म्हणाले. "ठसका लागतो तिला. धुराचा वास गाद्यांत राहतो, ती खोलीत नसताना लावली तरी. आणि मशीन चालू असताना आग नेता येत नाही."

"मग तिथली फट कशी कळते?"

"ओला हात फिरवला ना खिडक्यांना, दाराला. गार लागलं की समजतं. राहिल्या भिंती. भिंतीला कुठं फट असते, पुणेकर?"

ते चिडले होते. मीही म्हटलं, बरोबर आहे, भिंतीला कुठे फट असते.

परदेशात घराची अशी परीक्षा करायला यंत्र असतं, हे मीच त्यांना मोबाइलवर दाखवलं. दारात मोठा पंखा बसवतात, घरातली हवा बाहेर ओढतात, मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते आणि सापडते. काकांनी तो व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला. पुढच्या रविवारी जुना कूलर उघडून त्याचा पंखा प्लायवूडच्या फळीत बसवला होता आणि फळी पुढच्या दारात ठोकली होती. गावातल्या एका राहत्या घराची अशी परीक्षा पहिल्यांदाच होतेय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्याआधी काकूंना वर आमच्याकडे हलवायचं ठरलं. खुर्चीत बसवून काकांनी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना जिन्याने वर आणलं, मागून मी छोटा सिलिंडर धरून. काकूंच्या खोलीचं दार काकांनी बंद केलं आणि कडेने चिकटपट्टी लावली.

"ती खोली नाही तपासायची?" नवऱ्याने विचारलं.

"तिच्या गादीवर घरभरची धूळ ओढू का?" काका म्हणाले. "तिथलं सगळं पक्कं आहे."

पंखा सुरू झाला आणि खाली काय गोंधळ उडाला! पडदे फुगले, वर्तमानपत्र हवेत गेलं, मोरीतलं पाणी गुडगुडायला लागलं आणि जाळीतून झुरळं वर आली. काकांचं "दम नै! दम नै!" वरपर्यंत ऐकू येत होतं. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वर काकू माझ्या हॉलमध्ये खिडकीशी बसल्या होत्या.

"उघड ना," म्हणाल्या.

"काकू, नको हो. काका मला मारतील."

"मला मारलं... नाही कधी... तुला काय मारतात. उघड... जरा."

मी बोटभर उघडली. खाली भाजीवाला ओरडत होता, त्याचा आवाज आत आला. समोरच्या कठड्यावर एक कबुतर बसलं होतं. काकू बघत राहिल्या.

"राग नाही येत तुम्हाला यांचा?"

"त्यांचा कसला राग... पोटासाठी... यायची बिचारी." मग म्हणाल्या, "यांचं एक... वेड बघ. यांना वाटतं... घराला फट राहिली नाही... तर माझा जीव... जाईल कुठून?"

आणि हसल्या. हसताना ठसका लागला. तत्क्षणी खालून, पंख्याच्या त्या आवाजातून, काकांची हाक आली, "विझवली, विझवली!" मी खिडकी लावून घेतली. डोळे भरून आले माझे, ते लपवायला मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

पंख्याच्या परीक्षेनंतर काकांनी सापडलेली प्रत्येक फट बुजवली. मोरीच्या जाळ्या बदलल्या, विजेच्या वायरींची भोकंसुद्धा सोडली नाहीत. काकू सुधारायला हव्या होत्या. उलट त्या खालावत गेल्या. आधी उठून बसायच्या, मग बसवावं लागायला लागलं. दोन-तीन शब्दांनंतर थांबायच्या, ते एकेका शब्दानंतर थांबायला लागल्या. डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारायचे, अजून कबुतरांशी संबंध येतोय का? काका शपथेवर नाही म्हणायचे. एकदा तर तिथे डॉक्टरांवरच ओरडले, "माझ्या घरात मुंगीला विचारून यावं लागतं, कबुतर कुठून येतंय?"

पण संशय त्यांनाही आला असणार, कारण मग त्यांनी सगळं जग शोधायला घेतलं. जिना धुतला. गच्चीचं दार खिळे ठोकून बंद केलं. आमचं घर आणि शेजारचं घर यांच्या मध्ये पाइपांसाठी एक अरुंद डक्ट होता, त्यात कबुतरांची घरटी, म्हणून त्याच्या तोंडावर जाळी बसवली. तरी फरक नाही. मग ते उदबत्ती घेऊन आमच्याकडे वर आले.

"तुमच्या गॅलरीतून धूळ जिन्यात येते. जिन्यातून खाली. गॅलरी बंद करा."

"अहो काका, आम्ही श्वास कुठून घ्यायचा?"

"दोघंजण धडधाकट आहात. कुठूनही घ्याल."

माझा तोल गेला. म्हटलं, "काका, पुरे झालं आता. कणीक लावून लावून तुम्ही घराची हंडी केलीत. त्या बाईला खिडकीतून आकाश दिसू द्या. असतील तेवढे दिवस गॅलरीत बसू द्या ना त्यांना! त्यांना तेच हवंय, विचारा एकदा."

ते काळी बोटं एकमेकांवर घासत उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आज ना उद्या पुण्याला जाल. मी कुठं जाऊ? मला ती पाहिजे." आणि तोंड फिरवून जिना उतरले. आम्ही त्याच दिवशी गॅलरीचं दार लावलं.

काकू एका सकाळी गेल्या. रात्रभर काका त्यांचा हात धरून बसलेले. उजाडताना त्यांनी जिन्यातून हाक मारली, "ओ पुणेकर, जरा येता का?" एवढंच. अक्का त्याआधीच येऊन राहिल्या होत्या. शेवटची घरघर लागल्यावर अक्का म्हणाल्या, पलंगावर नको, जमिनीवर घ्या. जागा नव्हती, म्हणून माझ्या नवऱ्याने तो शिसवी पलंग भिंतीपासून ओढून बाजूला केला. काकूंना खाली घेतलं. काकांनी चमच्याने गंगाजल घातलं, ते ओठांवरून ओघळलं.

"खिडकी उघडा रे, मोकळी होऊ द्या तिला," अक्का म्हणाल्या.

नवऱ्याने खिडकी ओढली. हलली नाही. दुसरी ओढली. तीही नाही. सिलिकॉन पक्कं होतं. काका बघत होते, पण उठले नाहीत. काकू तशाच गेल्या, बंद खिडक्यांखाली. मशीन तेवढं घुरघुरत राहिलं, ते मी बंद केलं.

पुरुष माणसं त्यांना घेऊन गेली. मागे आम्ही दोघीच उरलो, मी आणि अक्का. अक्कांनी मला जमीन पुसायला लावली. मग स्वतः कणीक मळून तिचा दिवा केला. काकूंचं डोकं जिथे होतं, तिथे मी तांदळाचं पीठ पातळ पसरलं, त्यावर तो दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवला, आणि वरून मोठी वेताची टोपली झाकली. मला हे सगळं नवीन होतं. आमच्या घरात असं काही करत नाहीत. अक्का म्हणाल्या, माणसं परत आली की टोपली काढायची. पिठावर पाऊल उमटलेलं असतं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. आम्ही दार लावून घेतलं, वारा लागू नये म्हणून.

दुपार कलली तेव्हा सगळे परतले. न्हाऊन, ओल्या केसांनी खोलीत आले. अक्कांनी टोपली उचलली.

पिठावर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या, एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेल्या. आणि त्यांच्यामध्ये एक करडं पीस पडलं होतं, नखाएवढं, कापसासारखं.

"बाई बाई बाई," अक्का खाली बसल्याच. "पक्षी! बघ रे, बघ. कुठला पक्षी म्हणायचा हा?"

काका वाकले. पीस चिमटीत उचललं, उजेडात धरलं.

"कबुतर," ते म्हणाले.

"सुटली हो!" अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "जन्मभर त्यांना दाणे घातले, त्यांच्यातच गेली. उडून गेली माझी बाय." सगळ्यांनी हात जोडले. सकाळपासून त्या घरात पहिल्यांदाच कुणाला जरा बरं वाटलं. शेजारणीने पिठलं-भात पाठवला होता, तो वाढायला अक्का सगळ्यांना घेऊन बाहेर गेल्या. दिव्यात तेल घालायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी थांबले.

काका पीस घेऊन उभेच. मग त्यांनी सवयीप्रमाणे दार लावून घेतलं. ते दार उघडं राहिलेलं त्यांनी कधीच खपवून घेतलं नव्हतं.

दार लागलं आणि दिव्याची ज्योत वाकली. भिंतीकडून खोलीच्या आत. थरथरत नव्हती, नुसती वाकून राहिली होती. खिडक्या चिकटवलेल्या, दाराला रबर. न्हाणीघरातला पंखा मात्र चालूच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"पुणेकर," काका अगदी हळू म्हणाले, "उदबत्ती आणा."

मी स्वयंपाकघरातून आणली, तिथेच पेटवून आणली. त्या खोलीत पेटती उदबत्ती प्रथमच आली होती. आता ठसका लागायला तिथे कोण होतं? काका गुडघ्यांवर बसले आणि भिंतीच्या कडेने, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ती सरकवत गेले. पलंगाची पाठ जिथे वर्षानुवर्षं टेकलेली होती, तिथे जुन्या कूलरचा विजेचा लाकडी बोर्ड होता. वायर केव्हाच काढून टाकलेली, भिंतीतलं तिचं भोक तसंच, बोर्डाचा एक कोपरा तुटलेला. त्यामागे तोच पाइपांचा डक्ट. काकांनी जाळी वरून लावली होती, पण आत साठलेली विष्ठा आणि पिसं तशीच होती.

धूर बोर्डापाशी गेला आणि आडवा होऊन माझ्याकडे आला. सरळ माझ्या तोंडावर.

काका बघत राहिले. त्यांना काय कळलं ते मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. बाकीच्या सगळ्या फटी त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवल्या होत्या. पंखा हवा ओढत होता, गाळणी धुळीने गच्च झालेली, आणि हवा आत यायला एवढी एकच जागा उरली होती. ती काकूंच्या उशाशी होती. दुसऱ्या कुठल्याही खोलीत असती तर त्यांना पहिल्या दिवशीच सापडली असती.

"इथं मी धूर आणलाच नाही," ते भिंतीला म्हणाले. "तिला ठसका लागतो."

मला वाटलं ते आता कोसळतील. मी दोन पावलं पुढे झाले. पण त्यांनी हात मागे केला, दिवा करून उरलेली कणीक ताटलीत होती, तिचा गोळा उचलला आणि बोर्डाच्या तुटक्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबला. खूप वेळ दाबून धरला. मग उदबत्ती धरली.

धूर सरळ वर गेला. दिव्याची ज्योत उठून सरळ उभी राहिली.

एवढ्यात मघाचा घशात बसलेला धूर मला असह्य झाला आणि मला ठसका लागला. मी तोंडावर ओढणी धरली, पण थांबेना.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. भिंतीकडेच तोंड करून, घाईघाईने, त्या काळ्या चिमटीत त्यांनी उदबत्तीचं टोक दाबलं.

"विझवली गं," ते म्हणाले, "विझवली, विझवली."